पोटातली प्रत

गुरुवारी सकाळी सव्वासात वाजता शलाका लोखंडेला स्वतःच्या बापाची किळस आली.

चहाचा कप घेऊन ती आप्पांच्या खोलीत शिरली आणि दारातच तिला असा उमासा आला की निम्मा चहा बशीत सांडला. कपाटामागे उंदीर मरून चार दिवस झालेत आणि त्यावर कुणी नासकं दूध ओतलंय, तसला वास. तिने खिडक्या उघडल्या, कपाट ओढलं, पलंगाखाली वाकून पाहिलं. उंदीर कुठला असायला! वास पलंगावरून येत होता. आप्पांच्या मानेतून, बनियनमधून, त्यांनी नुकत्याच दिलेल्या जांभईतून.

"काय हुडकतीस गं?" आप्पांनी विचारलं.

"काही नाही. नलूताई आल्या की चादर बदलून घेते."

"कालच तर बदलली की."

शलाकाने कप स्टुलावर ठेवला आणि श्वास रोखून बाहेर आली. रोज ती तिथंच बसून चहा प्यायची, आप्पांना बशीतून पाजायची, पेपर वाचून दाखवायची. त्या दिवशी पेपर तसाच घडी घातलेला राहिला.

आप्पा म्हणजे यशवंत लोखंडे, वय शहात्तर. पालिकेच्या ड्रेनेज विभागात, तुंबलेली गटारं मोकळी करणाऱ्या गाडीवर त्यांनी एकतीस वर्षं काढली. दोन वर्षांपूर्वी लकवा झाला, डावी बाजू गेली, तेव्हापासून पलंगावर. आई आधीच गेलेली. सांगलीतल्या त्या फ्लॅटमध्ये बापलेक दोघंच. शलाका लहान असताना आप्पा कामावरून आले की आई आतून ओरडायची, "आधी मोरीत जा!" आणि ही कार्टी तोवर त्यांच्या गळ्यात लोंबकळत असायची. अंगाला सगळ्या गावाची घाण लागलेला माणूस, आणि हिला त्याचं काही म्हणजे काही वाटायचं नाही. एवढं लक्षात ठेवा.

आता तिच्या नाकाबद्दल. चार वर्षांपूर्वी जो ताप आला त्याने राज्यातल्या नऊ लाख माणसांची वासाची जाणीव कायमची नेली. गॅस गळाला तरी कळेना, आमटी आणि गढूळ पाणी सारखंच लागायला लागलं. मिरजेच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टर कुलसुम इनामदार यांनी त्यावर यंत्र काढलं. नाकपुडीच्या आत मसुरीच्या दाण्याएवढा सेन्सर, कानामागे कातडीखाली बटणाएवढी पेटी, आणि पेटीपासून मेंदूच्या वासाच्या भागापर्यंत केसाएवढी तार. सेन्सर हवेतले रेणू टिपतो. हे रेणू म्हणजे कुठला वास, ते पेटीतला प्रोग्राम एका भल्यामोठ्या कोशात शोधतो. आणि तारेतून मेंदूला तेवढीच टिचकी बसते. यंत्राचं सरकारी नाव 'घ्राणिका'. लोक नुसतं 'नाक' म्हणतात. शलाकाला ते बसवून तीन वर्षं झाली होती.

आणि तिची नोकरीही या नाकाशी बांधलेली. राज्याच्या आरोग्य सॉफ्टवेअर भांडारात ती पॅकेजर होती. नाकं, ऐकण्याची यंत्रं, इन्सुलिनचे पंप, या सगळ्यांचे प्रोग्राम तपासायचे, नीट बांधायचे आणि दर गुरुवारी पहाटे लोकांच्या यंत्रांत पोहोचवायचे, हे भांडाराचं काम.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांना एक वाईट खोड असते. दुसऱ्याने लिहिलेली तयार लायब्ररी वापरायची असली की ती भांडारातून न घेता तिची एक प्रत आपल्या प्रोग्रामच्या पोटातच ठेवून देतात. सोसायटीला एक टाकी असताना प्रत्येक बिऱ्हाडाने गच्चीवर आपापलं पिंप ठेवावं, तसं. मग डासांच्या अळ्या झाल्या की बसा शंभर पिंपं उपसत! टाकी एकच असली की एकदा धुतली, काम झालं. म्हणून भांडाराचा नियम: पोटातली प्रत काढा, सामायिक प्रत जोडा. शलाकाला हे काम मनापासून आवडायचं. कुणाच्या प्रोग्रामच्या पोटात सडत पडलेली जुनी प्रत दिसली की तिला शिसारी यायची. दोन महिन्यांत तिने अशा सतरा प्रती उपसल्या होत्या.

अठरावी नाकाची. इनामदारबाईंनी 'गंधकोश' नावाच्या लायब्ररीची सहा वर्षं जुनी प्रत पोटात ठेवली होती, आणि तिला एक भोक होतं. शेजारून जाणारा कुणीही मोबाइलवरून तुमच्या नाकात हवा तो वास सोडू शकत होता. एका मंगल कार्यालयात कुणा टवाळाने पंगतीतल्या बारा जणांना बासुंदीत संडासाचा वास आणला होता. सामायिक गंधकोशात हे भोक केव्हाच बुजवलेलं. म्हणजे प्रत काढायला हवीच होती, त्यात काही वाद नाही. पण काढण्याआधी ती मूळ प्रतीशी ताडून पाहताना शलाकाला दोन फाइली जास्तीच्या सापडल्या. नावं काय, तर 'घरचे' आणि 'सवय'. टीप नाही, खुलासा नाही. डॉक्टरबाई काहीतरी खेळत बसल्या असतील, असं म्हणून तिने दोन्ही उडवल्या. वर प्रत्येक यंत्रातून जुन्या प्रतीने साठवलेली माहिती पुसून टाकणारी एक ओळही लिहिली. साफ करायचं तर पुरतं साफ. दोनशे चौदा चाचण्या झाल्या, दोनशे चौदा पास. चाचण्यांमध्ये लिंबू होतं, लवंग होती, गॅस होता, कुजलेलं मांसही होतं. कुणाचा बाप नव्हता.

बुधवारी तिने सही केली. गुरुवारी सव्वासातला काय झालं ते सांगितलंच. तुमच्या लक्षात आलं असेल. तिच्या नाही आलं. स्वयंपाकघरात आल्याचा, वेलदोड्याचा वास पूर्वीपेक्षा खणखणीत येत होता. नाक झकास चाललं होतं. मग बिघडलंय ते आप्पांचंच, असं तिने धरलं.

*

नलूताई रोज सकाळी तीन तास यायच्या. आप्पांची अंघोळ, कपडे, जेवण सगळं त्यांच्याकडे.

"तुम्ही साबण लावता की नुसतं पाणी ओतता?" चौथ्या दिवशी शलाकाने त्यांना दारातूनच विचारलं. आत जायची तिची हिंमत नव्हती. ओढणीचा बोळा नाकाशी धरलेला.

नलूताई टॉवेल पिळता पिळता थांबल्या. "दोनदा साबण लावलाय ताई. डेटॉलचं पाणी घेतलंय. पावडर लावलीय."

"मग हा वास कसला?"

"मला तर पावडरीचाच येतोय."

"तुमचं नाक मेलंय."

"माझं देवानं दिलेलं हाय ताई, अजून चालतंय," नलूताई म्हणाल्या आणि टॉवेल जरा जोरातच झटकला.

आप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. माणूस तिथंच पडलाय, ऐकतोय, याचं शलाकाला भानच नव्हतं.

दिवसागणिक वाढतच गेलं. तिला घरात घास जाईना. आप्पा खोकले की त्यांच्या तोंडातून येणारी हवा बैठकीच्या खोलीपर्यंत पोहोचतेय असं वाटायचं, आणि आमटीत तोच कुबट, आंबूस दर्प मिसळायचा. ती दिवसातून तीनदा अंघोळ करायला लागली. तरी तिच्या स्वतःच्या उशीला, काखेला, कंगव्यालासुद्धा घाण यायची. आप्पांचा वास सगळ्या घराला लागलाय, असं ती चिडून म्हणायची. एकदा त्यांना कूस बदलायला मदत करताना त्यांचा हात तिच्या गालाला लागला. तिने मोरीत जाऊन गाल साबणाने घासला, लाल होईपर्यंत. आणि घासता घासता तिच्या मनात आलं, हा माणूस एकदाचा मरत का नाही! मग तिला आरशातल्या स्वतःच्या तोंडाकडे बघवेना.

कामावर तक्रारी यायला लागल्या होत्या. नाकवाल्यांच्या तक्रारी तिच्याकडेच येत. 'नवऱ्याच्या शेजारी झोपवत नाही.' 'सासूबाईंना जेवायला वाढताना ओकारी येते.' जतहून एका बाईने लिहिलं होतं: 'माझं बाळ सहा महिन्यांचं आहे. मला त्याला जवळ घेववत नाही. काहीतरी करा.' शलाकाने दोनशे चौदा चाचण्यांचा कागद पुन्हा पाहिला आणि प्रत्येकीला तेच उत्तर पाठवलं. 'यंत्रात दोष आढळला नाही. घरात स्वच्छता राखावी.' मग तक्रार बंद. अशा एकशे सहा तक्रारी तिने बंद केल्या. लोकांची घरं किती घाण असतात, असं म्हणत तिने नाकसुद्धा मुरडलं.

दोन आठवड्यांनी तिने आप्पांना सांगितलं. दारात उभं राहूनच.

"साताऱ्याजवळ एक केंद्र आहे आप्पा. नर्स असतात, डॉक्टर असतात. सोमवारी गाडी येईल."

"जातो की," आप्पा लगेच म्हणाले. इतक्या लगेच की तिलाच ओशाळं वाटलं.

"म्हणजे, तुमची नीट काळजी..."

"अगं, जातो म्हटलं न्हवं? तू कशाला वाईट वाटून घेतीस?" ते छताकडे बघत बोलत होते. "नाकाला फडकं लावून, लांब उभं राहून बोललेलं मला काय नवं न्हाई. एकतीस वर्षं समदी माणसं माझ्याशी तशीच बोलली. तुझी आईसुदिक. एक तूच तेवढी न्हाई बोललीस कधी."

खरं सांगायचं तर त्याही क्षणी शलाकाचं निम्मं लक्ष श्वास रोखून धरण्यात होतं.

*

शुक्रवारी नलूताई निघता निघता थांबल्या. हातात लघवीची बाटली होती. तळाला गडद, चहासारखं थोडंसं.

"कालपासून एवढीच. पाणीच पीत न्हाईत. ओठ बघा फुटल्यात कसं."

"का? काय म्हणतात?"

"म्हणत्यात, प्यालं की भिजतं. भिजलं की पोरीला वास येतो." नलूताईंनी बाटली तिच्यासमोरच मोरीत रिकामी केली. "दहा-बारा दिवस झालं ताई, घोटभरच घेत्यात. जेवण बी दोन घास. मी सांगनार व्हते, पर तुमी दारातनंच बोलता. आप्पांच्या म्होरं कसं सांगू?"

शलाका टेबलाशी जाऊन बसली. म्हातारा वासाने मरत नव्हता, तिच्या तोंडाकडे बघून मरत होता. सोमवारपर्यंत तरी टिकेल का, कुणास ठाऊक.

समोर लॅपटॉप उघडाच होता. जतच्या त्याच बाईचं दुसरं पत्र आलेलं: 'तुम्ही लिहिलंत, स्वच्छता राखा. मी बाळाला दिवसातून पाच वेळा अंघोळ घालते. त्याच्या अंगावर पुरळ उठलंय. ताई, आता मला माझ्याच उशीची घाण येते. हे दोन आठवड्यांमागच्या गुरुवारपासून आहे. त्याआधी माझं बाळ मला गोड वाटायचं.'

माझ्याच उशीची. गुरुवारपासून.

शलाका उठली, आपल्या खोलीत गेली आणि सकाळीच धुतलेल्या अभ्र्यात तोंड खुपसलं. मेलेला उंदीर. आप्पा या खोलीत दोन वर्षांत आले नव्हते. तिने बंद केलेल्या तक्रारी एकेक करून उघडल्या. नवरा, सासू, बाळ, आई. परक्याची, शेजाऱ्याची, ऑफिसातल्या माणसाची एकही नाही. सगळी घरची.

'घरचे.' ती फाइल तिने स्वतःच्या हाताने उडवली होती.

*

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर कुलसुम इनामदार मोसंबी सोलत बसल्या होत्या. वय सत्तरीचं, आवाज खणखणीत. शलाकाचं सगळं ऐकून घेईपर्यंत त्यांनी एकही फोड तोंडात टाकली नाही.

"म्हणजे नाक बसवलेल्या सगळ्यांच्या डोक्यात हात घातलात आणि मला एक फोन नाही?"

"टीप नव्हती, मॅडम. फाइलीत एका ओळीचा खुलासा असता तर..."

"बाहेर दीडशे पेशंट बसलेले असायचे. टीप कधी लिहू?" मग त्यांचा आवाज जरा उतरला. "लिहायला हवी होती. ते माझं चुकलं. बसा."

त्यांनी सांगितलं ते असं. देवाने दिलेल्या नाकाला दोन सवयी असतात. एक, ते दमतं. चामड्याच्या कारखान्यात नवा माणूस पहिल्या दिवशी ओकतो आणि महिन्याने तिथंच बसून डबा खातो. दुसरी, ते पक्षपाती असतं. आईला स्वतःच्या बाळाच्या लंगोटाची किळस परक्याच्या बाळाच्या लंगोटाइतकी येत नाही. लोकांनी प्रयोग करून पाहिलंय. आपल्या माणसाची घाण मेंदू माफ करतो. यंत्राची तार मात्र मधला सगळा रस्ता टाळून थेट आत जाते. तिला दमणं ठाऊक नाही, माफी ठाऊक नाही.

"माझ्या पहिल्या पेशंटनं महिन्याभरात बायकोला माहेरी धाडलं," बाई म्हणाल्या. "सोन्यासारखी बायको. मग मी त्या दोन फाइली लिहिल्या. ज्याच्याजवळ तुम्ही रोज बसता-उठता, त्याचा आणि तुमचा स्वतःचाही वास नाक टिपून ठेवतं आणि हळूहळू सौम्य करतं. तुमची ती सामायिक प्रत कारखान्यातली गळती शोधायला लिहिलेली आहे. चोख आहे, मी नाही म्हणत नाही. घाण म्हणजे घाण. दर वेळी, पहिल्यासारखी."

"मी आजच जुनी प्रत परत पाठवते. माझ्या सहीने. भोकाचं नंतर बघू."

"पाठवा. पण यादी कुठाय?"

"कसली यादी?"

"कोण घरचं, याची. ज्याच्या त्याच्या पेटीत साठलेली होती."

शलाकाला आठवलं. जुन्या प्रतीचा कचरा पुसणारी ती एक ओळ. किती हौसेने लिहिली होती.

"पुसली मी," ती म्हणाली. "सगळ्यांची."

इनामदारबाईंनी सोललेली मोसंबी बाजूला सारली. "मग आता नाकाला पुन्हा शिकवावं लागेल. रोज चार तास, हातभर अंतरावर. महिना लागेल. लांब बसाल तर नाक शिकणार नाही."

"आणि तोवर?"

"तोवर वास येणार. अगदी आज येतोय तसा."

दुपारी भांडारात बसून शलाकाने जुनी प्रत गुरुवारची वाट न पाहता रवाना केली. भोक परत आलं. ते बुजवून त्या दोन फाइली सामायिक प्रतीवर नीट बसवायला पुढे अकरा दिवस लागले, आणि या खेपेला दोघींनी मिळून तीन पानी टीप लिहिली. बंद केलेल्या एकशे सहा तक्रारींना तिने हाताने उत्तरं लिहिली. दोष यंत्रात होता, तो मी केला, तुमचं घर स्वच्छ आहे. जतच्या बाईला लिहिताना ती दोनदा थांबली. 'बाळाला जवळ घ्या. उलटी झाली तरी घ्या. नाक जवळ घेतल्यावरच शिकतं.' असलं सरकारी उत्तर त्या भांडारातून कधी गेलं नसेल. साताऱ्याच्या केंद्राला फोन करून तिने सोमवारची गाडी नको म्हणून सांगितलं.

*

घरी येऊन तिने ओढणी खुंटीला अडकवली, पाण्याचं तांब्याभांडं भरून घेतलं आणि आप्पांच्या खोलीत गेली. खुर्ची ओढून पलंगाला टेकवली. वासाची भिंतच अंगावर कोसळली. तिने सगळं सांगितलं, नियम काय, प्रत काय, फाइली काय. आप्पांना निम्मं कळलं असेल.

"म्हंजे यंत्राचं हाय व्हय?" ते म्हणाले. चेहरा जरा उजळला. "मग झालं की आता बरं?"

"झालं," ती म्हणाली आणि हसली. "आता काही वास नाही. पाणी घ्या."

आप्पांनी भांड्याकडे बघितलं नाही. तिच्या नाकाकडे बघितलं.

"फुगल्यात नाकपुड्या," ते शांतपणे म्हणाले. "गटाराच्या झाकणापाशी उभी ऱ्हायलेली साहेबमाणसं अशीच हसायची माझ्याकडं बघून. 'छान काम करता हो यशवंतराव.' ऱ्हाऊ दे. तहान न्हाई मला."

त्यांच्या ओठाच्या भेगेत रक्त सुकलं होतं. शलाकाने हसणं टाकून दिलं.

"येतोय वास," ती म्हणाली. "खोटं बोलले. घाणेरडा येतोय आप्पा, मेलेल्या उंदरासारखा. आत्ता इथंच ओकेन की काय असं होतंय. अजून महिनाभर असाच येणार आहे. पण मी इथनं उठणार नाही. तुम्ही पाणी पिणार आहात की नाही?"

आप्पांच्या चालत्या गालावर काहीतरी हललं.

"तोंडावर असं कुणी बोललं न्हाई आजवर," ते म्हणाले. "आण हिकडं."

ते एक भांडं प्यायले, दुसरं मागितलं, तिसऱ्यातलंही निम्मं संपवलं. गळ्याची घाटी वरखाली होताना ती हातभर अंतरावरून बघत होती. तासाभरात व्हायचं ते झालं. नलूताई सकाळीच गेलेल्या. शलाकाने आप्पांना कुशीवर वळवलं, ओली चादर ओढली, अंग पुसलं, कोरडं घातलं. मधेच दोनदा मोरीकडे पळाली आणि आतडी बाहेर येतील अशी ओकली. आप्पा तेवढा वेळ तसेच, कुशीवर, तिची वाट बघत पडून राहिले.

दुसऱ्यांदा परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता आणि केस तोंडाला चिकटले होते.

आप्पांनी हवा हुंगली. त्यांचं नाक देवाने दिलेलं.

"चूळ भरलीस का?" त्यांनी विचारलं. "आता तुझाच वास येतोय."

"येऊ दे," शलाका म्हणाली.

"येऊ दे की. मी कुठं काय म्हटलं?" त्यांनी उजव्या हाताने पलंगाची कड थोपटली. "बस हितं."

तिने घड्याळात बघितलं. चार तासांतले अजून अडीच तास बाकी होते. तिने पेपर घेतला आणि खुर्ची आणखी जवळ ओढली.